चन्नकेशवांचे सहा तास

गरिमा सूद मॅडमनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकेकाचं नाव टाकून शोधायला सुरुवात केली, तेव्हा चन्नकेशवांना आधी वाटलं की हजेरी चालली आहे. सुदर्शन पैंचं नाव टाकलं तर पैंच्या फोटोंची रांगच लागली. पै व्यासपीठावर, पै सायकलवर, पै सूर्योदयाकडे बघताना. मग चन्नकेशवांचं नाव टाकलं आणि पडद्यावर बेलूरचं त्याच नावाचं देऊळ आलं. मॅडम खाली सरकत गेल्या. देवळाचा मागचा भाग आला, खांब आले, देवळाच्या वेळा आल्या, शेवटी हासनमधलं एक मंगल कार्यालय आलं. तिथे मॅडमनी हात थांबवला.

"तुम्ही कुठेच नाही आहात," त्या म्हणाल्या.

"मी रोज साडेआठला येतो, मॅडम," चन्नकेशव म्हणाले.

कोणी हसलं नाही, कारण काळ हसण्याचा नव्हता. पीण्या या औद्योगिक वसाहतीतली ही लिफ्टची कंपनी नुकतीच एका परदेशी कंपनीने विकत घेतली होती. पै त्या बाजूने आले होते आणि चन्नकेशव या बाजूचे होते. दक्षिण विभागाच्या लिफ्टच्या देखभालीचे मुख्य म्हणून दोघं बसले होते आणि खुर्ची एकच राहणार होती. मॅडम दिल्लीहून हेच ठरवायला आल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की काम तर सगळेच करतात, पण आजकाल माणूस दिसावा लागतो. प्रत्येकाने स्वतःचा एक ब्रँड उभा करायचा. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, त्या बघणार, मग निर्णय.

संध्याकाळी राजाजीनगरच्या घरी बायको विशालाक्षी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. चन्नकेशवांनी बूट काढता काढता सगळं सांगितलं.

"ब्रँड म्हणजे साबणाला असतो तो ना हो?"

"तोच."

"मग तुम्हाला कशाला?"

चन्नकेशवांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. तेही शेंगा सोलायला बसले. पण वय त्रेपन्न होतं, या वयात दुसरीकडे कोणी घेत नाही, आणि लिफ्ट सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा रविवारी त्यांनी नोकरदार लोकांच्या त्या साइटवर स्वतःचं खातं उघडलं आणि फार विचार करून पहिलं वाक्य लिहिलं. 'लिफ्टच्या दाराच्या खाचेत कचरा साठू देऊ नये.' ते तीन जणांना आवडलं. एक विशालाक्षी, दुसरा तुमकूरचा मेहुणा आणि तिसरा झाडूंचा ठोक व्यापारी. पुढच्या रविवारी त्यांनी लिहिलं, 'लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत.' ते फक्त मेहुण्याला आवडलं. त्याच आठवड्यात पैंनी डोसा खाल्ला आणि त्यातून संघभावनेचे पाच धडे काढले. त्याखाली अनोळखी माणसांची नुसती झुंबड उडाली होती, आणि गरिमा मॅडमनी स्वतः टाळ्या वाजवणारे हात टाकले होते.

मेहुण्यानेच मग प्रज्वल शेट्टीचा नंबर दिला. हा मुलगा लोकांना ब्रँड करून देतो, मोठमोठे साहेब त्याच्याकडे जातात, असं त्याने सांगितलं. प्रज्वलचं ऑफिस म्हणजे कोरमंगलातल्या एका कॉफीच्या दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल होतं. त्याने चन्नकेशवांची दोन्ही वाक्यं वाचली आणि डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो बाजूला ठेवतात तसा फोन बाजूला ठेवला.

"सर, सगळे जी चूक करतात तीच तुम्ही केलीत. तुम्हाला जे माहीत आहे ते तुम्ही सांगितलंत."

"मग काय सांगायचं?"

"तुम्ही काय भोगलंत ते. लोकांना माहिती नको असते, माणूस हवा असतो. पडलेला, उठलेला. लहानपण कुठे गेलं?"

लहानपण तुमकूरला गेलं होतं. वडील पोस्टात होते. प्रज्वलने गरिबीबद्दल विचारलं, तर गरिबी नव्हती. घरात भांडणं? आई-वडील संध्याकाळी पत्ते खेळायचे. काही अपमान, काही ठेच? चन्नकेशवांनी बरंच आठवून पाहिलं. सातवीत एकदा दुसरा नंबर आला होता. प्रज्वलने कॉफी ढवळली. त्याच्या चेहऱ्यावर एवढी निराशा दिसत होती की चन्नकेशवांनाच अपराधी वाटायला लागलं. एवढा चांगला मुलगा, आणि आपल्याकडे त्याला द्यायला काहीच नाही.

"सर, निदान लिफ्टमध्ये तरी अडकला असाल कधी."

"अडकलो की. शिकाऊ होतो तेव्हा. मॅजेस्टिकजवळ एक जुनी इमारत होती."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं असतील. डबा होता बरोबर, तो खाल्ला."

प्रज्वल खुर्चीत सरळ झाला. बाकीचं मी बघतो, तुम्ही फक्त पासवर्ड द्या, असं तो म्हणाला. चन्नकेशवांनी पासवर्ड दिला आणि हलक्या मनाने बसमध्ये बसले. एक काम डोक्यावरून उतरलं होतं.

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःचं लिखाण वाचलं. सोबत दोन्ही हातांत तोंड लपवून बसलेल्या कुठल्यातरी गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो होता. 'सहा तास,' अशी सुरुवात होती. 'सहा तास मी अंधारात होतो. हवा संपत आली होती. मी ओरडलो, कोणी आलं नाही. डोळ्यांसमोर माझ्या बायकोचा चेहरा आला आणि मी ठरवलं, वाचलो तर आयुष्यात कोणालाही असं अडकू देणार नाही. आजही लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना माझा हात थरथरतो. तरीही मी रोज पाऊल ठेवतो. यालाच नेतृत्व म्हणतात.'

लिफ्टमधली हवा संपत नाही, हे ज्याला कळतं असा कोणी ते वाचेल या विचाराने चन्नकेशव खुर्चीतून उठून उभेच राहिले. त्यांनी प्रज्वलला फोन लावला. प्रज्वल म्हणाला, सर, आता हात लावू नका, गाडी निघाली आहे. गाडी खरंच निघाली होती. संध्याकाळपर्यंत ते लिखाण हजारो लोकांनी वाचलं. कोणी रडलं, कोणी आपल्या आत्याला पाठवलं, चेन्नईच्या एका कॉलेजने भाषणाला बोलावलं. पैंनी खाली लिहिलं, 'तुमच्याबरोबर काम करायला मिळतं हे माझं भाग्य.' लिहिताना त्यांनी दात-ओठ खाल्ले असणार, पण ते दिसायची सोय त्या साइटवर नव्हती.

घरी विशालाक्षीने ताटात बिसीबेळे भात वाढला, तुपाची वाटी ठेवली आणि समोर बसली.

"शिकाऊ होतात तेव्हाची गोष्ट ना ही?"

"हो."

"तेव्हा आपलं लग्न कुठे झालं होतं?"

चन्नकेशवांचा घास हातातच राहिला.

"मग डोळ्यांसमोर कुठल्या बायकोचा चेहरा आला?" तिने शांतपणे विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. प्रज्वलने लिहिलं, मी नाही, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. तिला ते पटलं, पण तिच्या आईला पटवता येणार नव्हतं. सासूबाईंनी दुपारीच फोन करून जावयाच्या सुटकेसाठी नवस बोलून टाकला होता. आता जावयाने केस उतरवायचे, एवढंच राहिलं होतं.

खरा त्रास ऑफिसमध्ये सुरू झाला. मंगळवारी सकाळी चन्नकेशव नेहमीप्रमाणे लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले, तर दारातला रखवालदार बसप्पा धावत आला आणि त्याने त्यांचा हात धरला. "साहेब, मी आहे बरोबर. डोळे मिटून घ्या हवं तर," तो म्हणाला. सहाव्या मजल्यापर्यंत त्याने हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब विभागातल्या बायका त्यांची वाटच बघत होत्या. तुम्ही एकट्याने कशाला सोसता, आम्ही पण जिन्याने येतो, असं त्यांनी सांगितलं. नाही म्हणायला चन्नकेशवांना जागाच मिळाली नाही. सहा मजले ते पुढे आणि पाठीमागे आठ-दहा माणसं, सगळी धापा टाकत आणि त्यांच्याकडे प्रेमाने बघत. चौथ्या मजल्यावर त्यांचा डावा गुडघा बोलायला लागला. गुरुवारपर्यंत ही प्रथाच पडली, आणि कोणीतरी त्याचा फोटो काढून त्यालाही नेतृत्व म्हटलं.

यानंतर चन्नकेशव मागच्या बाजूने सामानाच्या लिफ्टने चोरून वर जाऊ लागले. सत्तावीस वर्षं लिफ्टच्या धंद्यात काढलेला माणूस पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे दबकून उभा राहायचा आणि बाहेर कोणी नाही ना हे बघून सहाव्या मजल्यावर उतरायचा. एकदा पैंनीच त्यांना तिथे पाहिलं. पैंनी खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की असं लपूनछपून स्वतःची परीक्षा घेऊ नका, आम्ही सगळे आहोत.

मग मॅडमनी बोलावलं. खोलीत पडदे अर्धे ओढले होते आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवला होता. कंपनी तुमच्या पाठीशी आहे, मॅडम म्हणाल्या. ज्या गोष्टीने एवढी जखम दिली तिच्याच सान्निध्यात तुम्हाला इतकी वर्षं ठेवलं याचं कंपनीला वाईट वाटतं. तेव्हा सोमवारपासून लिफ्टचं सगळं काम पै बघतील. तुमच्याकडे सरकते जिने.

"मॅडम, सरकत्या जिन्यात काय असतं," चन्नकेशव म्हणाले. "पायऱ्या असतात."

"तेच तर. उघडी हवा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

पुढचे दोन आठवडे चन्नकेशव मॉलोमॉल हिंडले. सरकता जिना हे त्यांच्या मते यंत्रच नव्हतं. त्यात साड्यांचे पदर अडकायचे, लहान मुलं उलटी चढायची आणि दिवसभर एकच गाणं ऐकू यायचं. संध्याकाळी ते घरी येऊन काही न बोलता खुर्चीत बसायचे. विशालाक्षी कॉफी ठेवून जायची. एके दिवशी ती परत आली आणि शेजारी बसली.

"खरं सांगून टाका ना त्यांना," ती म्हणाली. "काय करतील? काढतील. काढू देत. पण हे असं तोंड करून जिने मोजत फिरू नका."

चन्नकेशवांनी कॉफी संपवली. सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घातला, मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पंधरा मिनिटं, दुपारची वेळ, लख्ख उजेड, डब्यात चित्रान्न. भीती वाटली नव्हती. हात थरथरत नाही. लिहिलं ते प्रज्वल शेट्टी नावाच्या मुलाने.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. उठून त्यांनी दार लावलं. परत येऊन बसल्या तेव्हा एकदम दमलेल्या दिसल्या.

"कोरमंगलाचा प्रज्वल?" त्यांनी विचारलं.

"हो. कोपऱ्यातलं टेबल."

"माझ्या आईच्या अखेरच्या शब्दांवर मी लिहिलं होतं, ते वाचलंत?"

चन्नकेशवांनी वाचलं होतं. कंपनीत सगळ्यांनी वाचलं होतं. मुली, हार मानू नकोस, असे ते शब्द होते, आणि विशालाक्षीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

"आई करोलबागेत असते," मॅडम म्हणाल्या. "तब्येत उत्तम आहे. दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही."

बाहेर कोणीतरी जिन्याने धापा टाकत वर येत होतं. मॅडमनी मग अडचण सांगितली. चन्नकेशवांची गोष्ट परदेशातल्या मुख्य ऑफिसने उचलली होती. कर्मचाऱ्यांची काळजी घेणारी कंपनी म्हणून एका बक्षिसासाठी नावही गेलं होतं. आता ते खोटं म्हटलं की आधी चन्नकेशव जाणार, मागोमाग मॅडम, आणि मग कोणीतरी करोलबागेत चौकशीला जाणार.

"मग मी काय करू?"

"बरे व्हा," मॅडम म्हणाल्या. "पण फार लवकर नको. लोकांना संशय येईल."

अशा रीतीने चन्नकेशव, ज्यांना काही झालं नव्हतं, कंपनीच्या खर्चाने बरे व्हायला लागले. मल्लेश्वरमला वारिजा नावाच्या समुपदेशक बाई होत्या. मन लावून ऐकणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी लिफ्टचं एक चित्र समोर ठेवलं आणि बघून काय वाटतं ते सांगायला सांगितलं. चन्नकेशव म्हणाले की दाराची फट जरा जास्त वाटते. वारिजाबाईंनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून लिफ्टची कल्पना करायला सांगितलं. त्यात चन्नकेशवांना छान डुलकी लागली. एवढा खोलवर विश्रांतीत गेलेला माणूस मी पाहिला नाही, असं बाईंनी मॅडमना कळवलं.

शेवटचा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष लिफ्टमध्ये बसणं. पीण्याच्या आवारात कंपनीचा एक उंच मनोरा आहे, नवीन लिफ्ट तिथे चालवून बघतात. सगळं ऑफिस खाली जमलं. केसरीभात आणि उद्दिनवडे मागवले होते. लिफ्टच्या आत, वरच्या कोपऱ्यात, आवाज न घेणारा कॅमेरा लागला. चन्नकेशवांच्या बाजूला वारिजाबाई उभ्या राहिल्या. दार उघडलं, दोघं आत गेले, मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्तावीस वर्षांत लिफ्टमध्ये शिरल्याबद्दल कोणी टाळ्या वाजवण्याची ही पहिलीच वेळ होती. पैसुद्धा वाजवत होते.

दार मिटलं आणि कोणीतरी चन्नकेशवांचं मनगट घट्ट धरलं. त्यांनी वळून पाहिलं. वारिजाबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"मला लिफ्टची भीती वाटते," त्या दात आवळून म्हणाल्या. "लहानपणापासून. आज तुमच्यासाठी आले."

मल्लेश्वरमला त्यांचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं आणि त्या व्यायाम म्हणून जिना चढतात असं सगळ्यांना माहीत होतं. चन्नकेशवांना आता काय करावं ते कळेना. समुपदेशन त्यांना येत नव्हतं. त्यांना लिफ्ट येत होती. तेव्हा त्यांनी आपल्या नेहमीच्या कंटाळवाण्या आवाजात सांगायला सुरुवात केली. वर दोर असतात, एक नाही, पाचसहा. त्यातला एकही सगळं वजन पेलतो. वीज गेली तर ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. विजेच्या जोरावरच तो उघडा राहतो, वीज गेली की स्प्रिंग त्याला दाबते. म्हणजे लिफ्ट पडत नाही, थांबते. थांबली की कोणीतरी येऊन काढतं. हवा वरच्या फटींतून येतच राहते. आत्ता जो खट्ट आवाज येईल तो दाराचा, घाबरायचं नाही. आला, बघा.

नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत मनगटावरची पकड सैल झाली होती. पण कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं. एकमेकांना धरलेले दोन हात, त्यातला एक थरथरतोय, आणि चन्नकेशवांचा संथ चेहरा. तो तुकडा साइटवर आला तेव्हा सगळ्यांना तो थरथरणारा हात चन्नकेशवांचाच वाटला. हाताला बांगडी होती, पण एवढं कोण बघतं.

चन्नकेशव अधिकृतरीत्या बरे झाले. उगादीला दक्षिण विभागाच्या लिफ्ट त्यांच्याकडे परत आल्या. पैंना सरकते जिने मिळाले, आणि आयुष्य कसं नेहमी वर नेतं यावर त्यांनी लगेच लिहायला घेतलं. चन्नकेशवांनी केस उतरवून नवसही फेडून टाकला, कारण सासूबाईंना खरं सांगण्यापेक्षा तेच सोपं होतं. मग त्यांनी पासवर्ड बदलला आणि साइटकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पण लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं. वारिजाबाईंनी पहिल्या बाई पाठवल्या. त्यांच्या ओळखीने दुसरे आले. मग दर शनिवारी सकाळी पीण्याच्या मनोऱ्यापाशी दोन-तीन माणसं उभी दिसायची. लिफ्टच्या भीतीने ज्यांनी नोकरी नाकारली, घर नाकारलं, ज्यांना हॉस्पिटलात पडलेल्या बहिणीला बघायला जाता आलं नाही, अशी. चन्नकेशव एकेकाला घेऊन वर-खाली करायचे, दोर आणि ब्रेक समजावून सांगायचे. सर, हे खरंखुरं आहे, हे लिहूया ना, म्हणून प्रज्वलने फोनवर फोन केले. चन्नकेशव म्हणाले की आता काही लिहायचं नाही.

एका शनिवारी श्रीकंठय्या आले. निवृत्त शाळामास्तर, पंचाहत्तरीचे, धोतर आणि कोट घातलेले. मुलाने सर्जापूर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावर घर घेतलं होतं. नात झाली होती आणि ती यांनी फक्त फोनवर पाहिली होती. चन्नकेशवांना ते फार आवडले. दोघं लिफ्टमध्ये उभे होते, दार अजून उघडं होतं. श्रीकंठय्यांनी विचारलं की सहा तासांत सगळ्यात वाईट काय होतं. आणि चन्नकेशवांना वाटलं, या माणसाशी तरी खोटं बोलायचं नाही. त्यांनी खरं सांगितलं. पंधरा मिनिटं, उजेड, चित्रान्न.

श्रीकंठय्यांनी त्यांच्याकडे बघितलं, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"म्हणजे तुम्हाला कधी भीती वाटलीच नाही?"

"नाही, मास्तर."

"मग तुम्हाला काय कळणार," ते म्हणाले आणि बाहेर पडले. बस स्टॉपपर्यंत चालत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

पुढचा आठवडा चन्नकेशवांना चैन पडली नाही. ब्रेक आणि दोर यांच्याबद्दल त्यांनी सांगितलेला एकूण एक शब्द खरा होता. पण ते शब्द सहा तासांवर उभे होते. ते सहा तास काढून घेतले की त्या माणसांच्या दृष्टीने चन्नकेशव नुसते लिफ्टवाले होते. रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे विशालाक्षीला सांगितलं. ती म्हणाली की म्हाताऱ्याला नात बघू द्या, बाकी तुमचं खरंखोटं देव बघेल.

शुक्रवारी त्यांनी श्रीकंठय्यांना फोन केला.

"मास्तर, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"कुठलं खोटं?"

"ते पंधरा मिनिटांचं. लाज वाटली म्हणून तसं बोललो. सहा तासच होते."

मग श्रीकंठय्या एकदम मऊ आवाजात म्हणाले की त्यात लाज कसली, बाळा, असं होतं माणसाला.

ते सरळ सर्जापूर रस्त्यावरच भेटले. मुलगा आणि सून वर दाराशी थांबले होते. लिफ्टचं दार मिटलं तेव्हा श्रीकंठय्यांनी डोळे घट्ट मिटले आणि चन्नकेशवांच्या शर्टाची बाही पकडली. "बोला," ते म्हणाले. "पहिल्यापासून बोला."

चन्नकेशव बोलायला लागले. दिवे गेले, अंधार झाला, ते ओरडले. एवढं प्रज्वलचं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर मास्तरांनी बाही ओढली आणि प्रज्वलचं संपलं होतं, तेव्हा त्यांना पुढचं स्वतःलाच सांगावं लागलं. ते म्हणाले की मग भिंतीच्या पलीकडून कोणीतरी ठोकलं. एक बाई होती, त्या मजल्यावर केर काढणारी. तिला दार उघडता येत नव्हतं, पण ती गेली नाही. बाहेर फरशीवर बसून राहिली आणि गप्पा मारत राहिली. तिचा मुलगा शाळेत जात नव्हता. घरी कोंबड्या होत्या. एक कोंबडी दर वेळी शेजाऱ्याकडे जाऊन अंडं घालायची, त्यावरून त्या दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. चन्नकेशवांना स्वतःलाच नवल वाटत होतं की हे सगळं कुठून येतंय. आवाज मात्र नेहमीसारखाच होता, ब्रेक समजावून सांगतानाचा.

"मग?" श्रीकंठय्यांनी विचारलं. त्यांचे डोळे उघडे होते.

"मग एक दिवस शेजारीण तीच कोंबडी काखेत घेऊन त्यांच्या दारात आली."

लिफ्ट थांबली. चौदावा मजला आला होता. दार उघडलं. समोर मुलगा उभा होता, सून उभी होती, सुनेच्या कडेवर दुपट्यातली नात होती आणि तिच्या कपाळावर काजळाचा मोठा टिळा होता. मुलाने दोन्ही हात पुढे केले.

श्रीकंठय्यांनी नातीकडे डोळे भरून पाहिलं आणि मुलाला हातानेच जरा थांबायला सांगितलं.

"कोंबडी घेऊन आली, आणि?" त्यांनी चन्नकेशवांना विचारलं.

"मास्तर, पोचलो आपण."

"ते दिसतंय मला. पण सहा तासांतला अजून एकही गेला नाही. बाळाला घेऊन ये गं आत," ते सुनेला म्हणाले, "खाली जाऊन परत येऊ."

सून बाळाला घेऊन आत आली, तिच्या मागोमाग मुलगाही आला. चन्नकेशवांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, थकलेला एक श्वास सोडला आणि तळमजल्याचं बटण दाबलं. कोंबडी घेऊन आलेली शेजारीण पुढे काय म्हणाली असेल याचा ते घाईघाईने विचार करू लागले.